कॅन्ससमधली हरणाची शिकार आणि ‘जमीनच कुठे आहे?’ हा आक्षेप

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शिकारीवरच्या माझ्या लेखाबद्दलची आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपला आक्षेप थोडक्यात असा, की कॅन्ससमधली सुमारे 98 टक्के जमीन खासगी असताना ‘रान भाड्याने न घेताही पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार आखता येते’ असे लिहिणे म्हणजे नवख्या माणसाला भरीस घालणे होय. जी काही जमीन खुली आहे ती नुसता गवताळ माळ, आणि तिथेही गर्दी. आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

खासगी म्हणजे बंद, असे आपण धरून चालला आहात. आपण टेक्ससमध्ये राहता आणि तिथे हंगामापुरते रान भाड्याने घेण्याची रीतच असल्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. कॅन्ससमध्ये 1995 पासून ‘वॉक-इन हंटिंग ॲक्सेस’ नावाची योजना चालू आहे. राज्याचे वन्यजीव खाते शेतकऱ्याला मोबदला देते आणि हंगामात त्याच्या जमिनीवर कोणाही परवानाधारकाला पायी जाऊन शिकार करता येते. अशी जमीन दहा लाख एकरांहून अधिक आहे, आणि ती आपल्या त्या 98 टक्क्यांतच मोजलेली आहे. राज्याच्या सव्वापाच कोटी एकरांपुढे ती थोडीच, हे खरे. परंतु एका माणसाला एका संध्याकाळी बसायला लागते किती? 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांचे तुकडे वाटले, आणि तिथली शेती आजही बरीचशी त्याच अर्धा मैल लांब-रुंद चौकोनांच्या हिशेबाने चालते. ज्यातून एखादा ओढा तिरका जातो असा एक चौकोन धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला पुरून उरतो.

‘नुसता माळ’ या शेऱ्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण खरे नियोजन तिथेच असते. सप्टेंबरात मका आणि ज्वारी उभी असते (हो, ज्वारीच, अमेरिकेत ती सर्वाधिक कॅन्ससमध्ये पिकते, पण भाकरीसाठी नव्हे, गुरांसाठी आणि इथेनॉलसाठी), आणि हरणे दिवसभर त्या पिकातच दडतात. पुढे कापणी झाली की आडोसा उरतो तो ओढ्याकाठच्या झाडीचा, 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर वारा अडवण्यासाठी लावलेल्या झाडांच्या ओळींचा, आणि सरकारच्या जमीन-संवर्धन योजनेखाली राखलेल्या छातीभर उंच गवताचा. हे गवत आपल्याला रस्त्यावरून ओसाड दिसते, हरणाला मात्र ती दिवसभर बसायची जागा असते. तिथून ते संध्याकाळी कुठून बाहेर पडते हे पाहायचे असेल तर कुंपणाच्या कडेने चालावे. जिथे तार सैल झालेली असते तिथे खुरांनी माती उकरलेली दिसते आणि खालच्या तारेच्या काट्यांत पोटाखालचे पांढरे केस अडकलेले सापडतात. खुल्या जमिनींवर ट्रेल कॅमेरे (जनावर समोर आले की आपोआप फोटो काढणारे) लावायला आता बंदी असल्यामुळे ही पायपीट टळत नाही, आणि माझ्या मते ते बरेच झाले. अशा जागेत वारा कोणत्या दिशेने असताना बसता येईल आणि हरणांना वास न लागता तिथवर पोहोचता येईल का, एवढे ठरले की एकरांचा प्रश्न मागे पडतो.

गर्दीबाबत आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी फेझंट पक्ष्यांचा हंगाम उघडतो, कुत्री घेऊन मंडळी तेच गवत तुडवतात, आणि नेमका तेव्हाच हरणांच्या माजाचा भर असतो. म्हणूनच मी धनुष्यबाणवाल्यांना आठवड्याच्या मधले दिवस सुचवले होते. बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) बुधवारी सुरू होऊन बारा दिवस चालतो. तोवर माजाचा भर ओसरलेला असतो, पण हिवाळी गहू हिरवा असतो आणि दिवस मावळताना हरणे त्याच्यावर उतरतात.

वर्षभर आधी आखणी करणे आपल्याला हास्यास्पद वाटते. परराज्यातल्या शिकाऱ्याला हरणाच्या परवान्याच्या सोडतीसाठी अर्ज एप्रिलमध्ये करावा लागतो, त्यात राज्यातला शिकारीचा विभाग आणि हत्यार दोन्ही नमूद करायचे असतात, आणि खुल्या जमिनींचा त्या वर्षीचा नकाशा उन्हाळा सरताना हाती येतो. म्हणजे विभाग निवडायचा तो गेल्या वर्षीच्या नकाशावरून. त्यातला एखादा तुकडा गळणार हे धरून, ज्या विभागात ओढ्यांकाठी असे बरेच तुकडे आहेत तोच घ्यावा.

राहिला शेतकरी परवानगी देत नाहीत हा मुद्दा. मोठ्या शिंगांच्या नराची शिकार करायची असेल तर आपला आक्षेप वजनदार आहे. चांगली राने पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्या व्यावसायिकांनी आधीच धरून ठेवलेली असतात आणि शेतकरी नवख्याला सहसा नकारच देतो. परंतु ज्याला घरी खाण्यापुरते मांस हवे आहे त्याने जानेवारीतल्या बिनशिंगी हरणांच्या जादा हंगामासाठी विचारून पाहावे. गव्हाची नासाडी सोसलेला शेतकरी तेव्हा अधिक सहज होकार देतो. मात्र कुंपणाच्या खांबांवर जांभळा रंग दिसला तर तोंडी होकार पुरत नाही, परवानगी लेखीच घ्यावी लागते.