केंदाळ आणि युरियाचं पोतं

काल संध्याकाळी सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर गेलो होतो. पायऱ्यांपाशी मासे वर येऊन तोंडं उघडमिट करत होते, काही तर पांढरी पोटं वर करून तरंगायलाच लागलेले. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "कुणीतरी काहीतरी सोडलंय बघ पाण्यात." सोडलं असेलही. पण मासा मरायला विषच लागतं असं नाही ओ, तो गुदमरूनही मरतो.

आपल्या उसाला टाकलेला युरिया, डीएपी आणि गावागावाची गटारं, ह्यातलं नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) नदीत उतरतं, त्यावर शेवाळ आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं, मग ते मरून कुजतं आणि कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. उन्हाळ्यात धार थांबली की संपलंच.

समुद्रात हेच, फक्त लई मोठं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर पसरतं, वरची हवा तळाला पोचत नाही आणि खाली कुजणं चालूच. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते तिथं दर उन्हाळ्यात असा ऑक्सिजन संपलेला पट्टा होतो, २०१७ ला तो साधारण २२,७०० चौरस किलोमीटर भरला होता. सांगली-सातारा दोन्ही जिल्हे त्यात मावतील एवढा! तिथंही मूळ वरच्या मक्याच्या शेतातलं खतच.

आपली कृष्णा १,४०० किलोमीटर जाऊन हंसलदेवीला बंगालच्या उपसागराला मिळते. आपलं सगळंच तिथं पोचतं असं मी म्हणत नाही, वाटेत आलमट्टी आहे, नागार्जुनसागर आहे, बरंच तिथंच अडतं. पण अडतं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी पाण्यात साठतंच की.

आणि हे आमच्याही रानातनं जातं, हे मला कबूल केलंच पाहिजे. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला, स्वस्तच, मग बांधापलीकडचा ऊस काळाभोर दिसला की आमच्यात एक पोतं जादा पडायचं. गेल्या साली युरिया फेकला आणि रात्री पाण्याची पाळी आली, सरी फुटली, सकाळी बघतो तर पाणी सरळ ओढ्याला लागलेलं. खत गेलं कुठं ते सांगायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे? ओढ्याच्या तोंडाला महिन्याभरात केंदाळ चढलं होतं.

ह्या साली माती तपासून घेतली, युरिया कमी केला आणि ठिबकमधनं थोडा थोडा सोडतोय. आमच्या घरच्या अण्णांना पटलेलं नाही. रोज सकाळी बांधावर जातात, आपलं एक पान शेजारच्या पानाला लावून बघतात. अजून तरी फिकं पडलेलं नाही.