सशाच्या गाठीला चुना-गूळ लावणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सशाला गाठ आली? डॉक्टरकडे पैसे घालवू नका. चुना-गूळ लावा, पिकली की सुईने फोडून पू दाबून काढा, लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं औषध पाच दिवस पाजा. शाकाहारी प्राण्याला कॅन्सर होत नाही. मादीच्या हनुवटीखालची मऊ वळी मात्र गाठ नव्हे.’ जुळे सोलापुरातल्या माझ्या ताईच्या सशाला जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आलीय. हा मेसेज वाचून तिने नातवाच्या खोकल्यातली उरलेली बाटली फ्रीजमधून काढलीसुद्धा!

आधी त्या बाटलीचं बोलू, कारण ससा मरतो तो तिच्यामुळे. सशाचं पचन आतड्यातल्या जिवाणूंच्या जिवावर चालतं. अमॉक्सिसिलिन पोटात गेलं की त्यातले कामाचे जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो आणि विष सोडतो. जुलाब सुरू होतात आणि बघता बघता ससा जातो. ‘तान्ह्या बाळाला चालतं, मग सशाला का नाही?’ अहो, बाळ गवत आंबवून जगत नाही. जगभरचे पशुवैद्य ज्याचा आधार घेतात ते मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल उघडा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं सशाला तोंडाने द्यायची नाहीत, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. डॉक्टर कधी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, ते वेगळं. त्यावरून बाटलीचं झाकण उघडायचं नाही.

आता सुई. सशाचा पू आपल्या गळवासारखा वाहत नाही. चक्क्यासारखा घट्ट असतो आणि भोवती जाड पिशवी. सुईच्या भोकातून तो काय येणार? दाबलंत तर पिशवी आतल्या आत फुटते आणि संसर्ग पसरतो. ती बहुतेकदा ऑपरेशन करून अख्खी काढावी लागते. त्यातून जबड्याची गाठ असेल तर मूळ दाढेत असण्याची शक्यता जास्त, म्हणून डोक्याचा एक्स-रे. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. ताईचा ससा चपाती-बिस्किटांवर वाढलाय, तेही कडब्याच्या गंजी लागणाऱ्या जिल्ह्यात!

चुना? ससा पंजाने तोंड पुसतो आणि पंजा चाटतो. तोंड भाजेल, दुसरं काय. आणि कॅन्सर होत नाही म्हणे! नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर अगदी नेहमीचा आहे.

हनुवटीखालच्या वळीचं बरोबर आहे, तेवढं मान्य. खर्च होतो हेही खरं, आणि ससे बघणारा डॉक्टर शोधावा लागतो. जाण्याआधी फोन करून तसं विचारा. कुणी ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं तर कारण विचारा. उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊ नये म्हणून; सशाला उलटी होतच नाही, उलट उपाशीपोटी त्याचं आतडं थंडावतं. आणि खाणं किंवा लेंड्या बंद झाल्या असतील, तर गाठ राहू द्या बाजूला, त्याच दिवशी दवाखाना गाठा.