चाळीस घोडे आणि एक वस्ताद

आमच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. १९७८ साली गाडी घरी आली तेव्हा त्यात चाळीसेक घोडे होते, असं म्हणतात. त्यातले आज किती हयात आहेत आणि किती नुसते हजेरीपटावर आहेत, हे सांगता येत नाही. चढ लागला की गैरहजेरी तेवढी कळते.

गाडी सासऱ्यांची. त्या काळी मोटार विकत घेत नसत, तिचा नंबर लावत. पैसे भरायचे आणि वाट बघायची. वाट बघता बघता मुलं शाळेत जायची. अशी मिळालेली गाडी विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही. सासऱ्यांच्या पश्चात ती बायकोच्या नावावर झाली, आमच्या सोसायटीत आली आणि कव्हर घालून जिन्याखाली बसली. "असू दे. उभी छान दिसते," असं बायकोचं मत. सोसायटीच्या चेअरमनचं मत वेगळं होतं. गाडी उभ्या उभ्या खाली तेलाचा नकाशा काढते आणि त्याच्या सीमा वाढत चालल्या आहेत, असं त्यांनी लेखी कळवलं होतं.

माझा विचार या दोघांपेक्षा मोठा होता. मी एक वही केली. पहिल्या पानावर 'परफॉर्मन्स' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली. सोलेक्सचा कार्बोरेटर काढून ट्विन चोक वेबर. पॉइंट-कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. डायनमोऐवजी ऑल्टरनेटर. ५.२०-१४ मापाच्या बारकुळ्या टायरांऐवजी रुंद रेडियल. मागे फ्री-फ्लो सायलेन्सर. आणि पानाच्या तळाशी पेन्सिलीने, घरच्यांना लागू नये अशा अक्षरात : '११८ एनईचं इंजिन.' ही ११८ एनई १९८५ मध्ये आली. अंग फियाट १२४ चं आणि आत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. तीही प्रीमियरचीच, म्हणजे अवयवदान घरातल्या घरात झालं असतं.

वही घेऊन मी वस्तादकडे गेलो. वस्ताद म्हणजे पेठेतल्या एका बोळात राहिलेला, कॉम्प्युटर न लावता गाडी दुरुस्त करणारा माणूस. त्याने हात पुसले, वही शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "साहेब, गाडी चालू आहे का?"

"तशी चालू नाही."

"मग कशी आहे?"

याला उत्तर नव्हतं. गाडी टेम्पोमागे दोर बांधून आणली. बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबला, गाडी थांबली नाही. टेम्पोवाल्याला जे बोलायचं होतं ते तो मोकळेपणाने बोलला. वस्तादने वही मिटून माझ्या हातात दिली. "पळवायचं नंतर बघू. आधी थांबवायचं बघू."

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर वगैरे काही नाही. थांबण्याची सगळी इच्छाशक्ती चालवणाऱ्याच्या पायातून यावी लागते. आमच्या चारपैकी तीन चाकांचे व्हील सिलिंडर गंजून आतल्या आत जाम झाले होते. चौथं जे चाक ब्रेक धरत होतं, ते इतकं मनापासून धरत होतं की ब्रेक मारला की गाडी डावीकडे बघायची. मी मध्येच फ्री-फ्लो सायलेन्सरचं काढलं. वस्ताद म्हणाला, "आवाजाचं टेन्शन घेऊ नका. असलेल्या सायलेन्सरला तीन भोकं आहेत. एकदम फ्री फ्लो."

मग टाकी. जुन्या गाडीच्या टाकीत गंज असतोच, पण हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, वर्षानुवर्षं तळाला गुमान बसलेला गाळ सोडवतं आणि जुन्या रबराशी त्याचं अजिबात पटत नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि होजपाइप १९७८ च्या हिशोबाने बनवलेले. तेव्हा पेट्रोलमध्ये काही मिसळलेलं असेल तर ते रॉकेल असायचं. टाकी उतरवली, तिच्यात नट-बोल्ट आणि खडी टाकली आणि दोन पोरं पालखी नाचवावी तशी ती भर बोळात हलवत राहिली. आतून जे निघालं ते बघून समोरच्या चहावाल्याने कळशीवर झाकण ठेवलं.

तिसरं प्रकरण पत्र्याचं, आणि ते फार नाजूक होतं. गाडी दिसायला गुळगुळीत होती, एवढं मी अजूनही म्हणतो. वस्तादने कुठल्याशा जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि दरवाजावर ठेवलं. ते खाली पडलं. वीतभर सरकवून ठेवलं. पुन्हा पडलं. "हा दरवाजा लांबीचा, म्हणजे पुट्टीचा आहे," त्याने निदान केलं, "मध्ये मध्ये पत्रा लावलाय." तळाचं रबरी मॅट उचलल्यावर खाली बोळातली फरशी दिसली. म्हणजे सासरे शेवटची काही वर्षं मॅटच्या भरवशावर पुण्यात फिरत होते. मी हे घरी सांगितलं नाही.

स्पेअर पार्टची हिंडफिर मात्र मजेची होती. नाना पेठेत दुकानदार आधी गाडी विचारत नाहीत, वंशावळ विचारतात. "पद्मिनी? पेट्रोल का डिझेल? गिअर स्टेअरिंगचा का खालचा?" मग एक पोरगा माळ्यावर जातो, बराच वेळ धूळ खाली येते आणि शेवटी पिवळ्या कागदात गुंडाळलेला ब्रेक किट येतो. एक वयस्कर दुकानदार खंतावून म्हणाले, "मुंबईत टॅक्सी होत्या तोवर काळजी नव्हती हो." खरंच होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली आणि पार्ट घेणारं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. पत्र्याचे काही तुकडे कुर्ल्याच्या भंगारातून आणावे लागले. गाडीचा कारखानाही कुर्ल्याचाच, तेव्हा एका अर्थाने ते माहेरहूनच आले. बोनेटवरचा पट्टा बुधवारी जुन्या बाजारात मिळाला. विकणाऱ्याने तो अँटिक म्हणून विकला, मी तो भंगार म्हणून मागितला आणि शेवटी तो सोन्याच्या भावात घेतला.

आता कागद. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी, विमा, सगळं आलं. पूर्वी या नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. वर ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्याच गाड्यांना सक्तीची, आणि तिला इतक्या मुदतवाढी मिळाल्या की काही लोक अजून पुढच्या मुदतवाढीची वाट बघत असतील. मी लावून घेतली. होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, न निघणारे स्नॅप लॉक. प्लेट कुणाच्या बापाला चोरता यायची नाही. गाडीचा दरवाजा मात्र आमच्या गोदरेजच्या कपाटाच्या किल्लीने उघडतो.

याच सुमारास वस्तादने माझ्या वहीतल्या त्या पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे इंजिनचं डोक्यातून काढा. मोटार वाहन कायदा, कलम ५२. आरसीवर एक इंजिन आणि बोनेटखाली दुसरं, असं चालत नाही. आधी परवानगी, मग पुढचं." एवढ्यावर न थांबता त्याने मला व्हिंटेजचं सांगितलं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. आमची २०२८ मध्ये पन्नाशी पूर्ण करणार. म्हणजे मी काहीही न करता बसलो तर गाडीची किंमत वाढणार होती आणि वहीतलं सगळं केलं तर ती नुसती जुनी राहणार होती. शिवाय व्हिंटेज झालेली गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही, हीही अट. म्हणजे परत जिना. वहीतलं शेवटी काय झालं, तर ऑल्टरनेटर बसला. तोही वेगासाठी नव्हे. सिग्नलला उभं राहिलं की डायनमो दमायचा आणि हेडलाइट डोळे मिटायचे, म्हणून.

तपासणी पास झाल्यावर मी कात्रजचा घाट घेतला. अर्ध्यात गाडीने आचके दिले आणि ती थांबली. थांबण्याचं काम आता ती उत्तम करत होती. पद्मिनी मुळात फियाटच, आणि जुन्या फियाटची ही घाटातली खोड प्रसिद्ध आहे : पेट्रोल पंप इंजिनाला खेटून, इंजिन तापलं की नळीत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं, हा इलाज. मी फडकं टाकलं आणि बसलो. तेवढ्यात माणसं जमली. मदतीला कुणी आलेलं नव्हतं, सगळे आठवणी घेऊन आले होते. "आमच्याकडे पण होती. क्रीम कलर. पुढे तिघं, मागे पाच, महाबळेश्वर." एकाने स्टेअरिंगचा गिअर नातवाला दाखवला. एका गृहस्थांनी त्यांच्याकडच्या डुक्कर फियाटचा, म्हणजे पद्मिनीआधीच्या गुबगुबीत मॉडेलचा, इतिहास १९५८ पासून सुरू केला आणि आणीबाणीपर्यंत आले तेव्हा पंप थंड झाला. दोघांनी विकायची का म्हणून विचारलं. ढकलायला विचारलं तेव्हा पांगले.

पुढच्या रविवारी बायको म्हणाली, "किल्ली दे, मी चालवते." ती याच गाडीवर शिकलेली, हे मला माहीत होतं, शिकलेली म्हणजे काय हे माहीत नव्हतं. चोक अर्धा ओढला, एकदाच किल्ली फिरवली, गिअर डाव्या हाताने न बघता टाकला आणि तोच घाट ती वरच्या बोगद्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्यात घेऊन गेली. आचका नाही, फडकं नाही. माझा गिअर टाकतानाचा खडखड आवाज हा गिअरबॉक्सचा आहे अशी माझी समजूत होती, ती चुकीची होती हेही त्या दिवशी कळलं.

परतताना तिने गाडी थेट वस्तादच्या बोळात घातली.

"पिकअप कमी वाटतो हिचा. बाबांच्या वेळी एवढा कमी नव्हता. काही करता येईल का?"

वस्ताद उठून उभा राहिला. माझ्यासाठी तो कधी उठला नव्हता. "येईल की, ताई. ११८ चं इंजिन बसतं हिला. बघून ठेवलंय मी एक. आरसी तुमच्याच नावावर ना? मग परवानगीचा अर्ज आजच लिहू."

मी वस्तादकडे बघितलं. तो चहा सांगायला निघाला होता. जाता जाता बायकोला म्हणाला, "साहेबांनी कधी नीट विचारलंच नाही."