ट्रिपचं बजेट सगळ्यात रिकामा खिसा ठरवेल

परवा फॅमिली ग्रुपवर माझ्या मावसभावाचे सेडोनाचे फोटो आले. गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला एमएसला गेलाय तो. लाल डोंगर, सात-आठ पोरंपोरी, हातात कागदी प्लेटा. पाच मिनिटांत एका काकांचा मेसेज, "शिकायला पाठवलंय का फिरायला? बापाने कर्ज काढलंय म्हणावं." मावशीने हात जोडल्याचा इमोजी टाकला आणि सगळे गप्प. मला मात्र गप्प बसवेना म्हणून इथे लिहितेय, कारण मी स्वतः २०१६ ते २०१८ टेम्पीत होते (अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराला चिकटूनच आहे) आणि त्या दोन वर्षांत मी धड राहिले ती या शनिवार-रविवारी गाडी काढून केलेल्या ट्रिपांमुळे, असं माझं अगदी ठाम मत आहे.

इथून लोकांना फोटो दिसतात ते शनिवारचे. सोमवार ते शुक्रवार काय असतं ते कुणी पोस्ट करत नाही. दोन बेडरूममध्ये चौघीजणी, एकीचा क्लास संध्याकाळी सहाला सुरू होणार, एकीची डायनिंग हॉलची शिफ्ट पहाटे सहाची, एक लॅबमध्येच झोपणार. एकाच घरात राहून आठवडा आठवडा भेट नाही, सिंकमधल्या भांड्यांवरून कळायचं कोण जेवून गेलंय ते. आणि घरी फोन करायचा तर ॲरिझोनात घड्याळ वर्षभर बदलतच नाही, भारत कायम साडेबारा तास पुढे. आपण सकाळी उठून बोलायला जावं तर आईची झोपायची वेळ झालेली, मग तिला काय सांगणार की मिडटर्म वाईट गेली, फंडिंग मिळालं नाही, रात्री उगाच रडू येतं? ती रात्रभर जागी राहील. म्हणून सगळे "मस्त चाललंय" म्हणतात. मी पण म्हणायचे.

मग खरं बोलायचं कुणाशी आणि कुठे? माझ्या अनुभवात ते गाडीत बोललं जातं. कॅफेत समोरासमोर बसून कुणी मन मोकळं करत नाही, पण गाडीत सगळे पुढे रस्त्याकडे बघत असतात, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही, दोन-तीन तास कुठे जायचंही नसतं. आय-१७ हायवेने फीनिक्सहून उत्तरेला निघालं की ब्लॅक कॅन्यन सिटीनंतर मोठा चढ लागतो, तिथे पाट्या आहेत की इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. तर एसी बंद, काचा खाली, गरम वारा, आणि त्या चढावर माझ्या सोलापूरच्या रूममेटने पहिल्यांदा सांगितलं की तिच्या बाबांचं डायलिसिस चालू आहे. तीन महिने एका खोलीत झोपत होतो आम्ही! त्या दिवशी ग्रँड कॅन्यन बघितलं की नाही हे तिला आज विचारलं तर कदाचित आठवणारही नाही, पण त्यानंतर तिच्या घरचा फोन वाजला की आम्ही तिघी हातातलं काम ठेवायचो.

आणि तो रस्ताही आहे तसाच. फीनिक्स साधारण ११०० फुटांवर, फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७००० फुटांवर, आणि मधे फक्त सव्वादोन-अडीच तास. आधी सगळीकडे सग्वारो, ते हात वर केलेले उंच निवडुंग, मग चढ संपता संपता ते गायबच होतात, मग पिवळं गवत, मग एकदम पाइनचं जंगल. फेब्रुवारीत टेम्पीतून हाफ टीशर्टवर निघून आम्ही फ्लॅगस्टाफला बर्फात उतरलो होतो. रात्री तिथे आकाश बघावं, गावानेच दिव्यांवर नियम घातलेत, २००१ मध्ये जगातलं पहिलं डार्क स्काय शहर ठरलं ते. प्लूटो १९३० मध्ये तिथल्याच लॉवेल वेधशाळेत सापडला.

पण मला खरं बोलायचंय ते पैशांवर, कारण काकांचा मुद्दा पैशांचा आहे आणि तो मुद्दा काही खोटा नाही. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. २०१७ मध्ये ॲरिझोनात किमान मजुरी तासाला १० डॉलर झाली, म्हणजे आठवड्याचे फार तर दोनशे, त्यातून भाडं, ग्रोसरी, फोन, आणि मागे भारतात कर्जाचं व्याज चालूच. ज्याला आरए किंवा टीए (प्राध्यापकांना संशोधनात किंवा शिकवण्यात मदत करायचं काम) मिळाली त्याची ट्यूशन माफ आणि वर पगार. एकाच वर्गात, एकाच घरात हे दोन प्रकारचे लोक राहतात आणि वीकेंड आला की फरक उघडा पडतो. ग्रुपवर मेसेज येतो "शनिवार व्हेगास, कोण कोण?" आणि कुणीतरी एकजण दर वेळी म्हणतो "असाइनमेंट आहे रे, तुम्ही जाऊन या."

आमच्यात असा एक अकोल्याचा मुलगा होता. हुशार, बडबड्या, रविवारी सगळ्यांना पिठलं करून घालायचा आणि ट्रिपचं नाव निघालं की त्याची असाइनमेंट. ते आमच्यातल्या हैदराबादच्या मैत्रिणीने ओळखलं. ती टीए होती, त्याच्याच कोर्सची, तिला माहीत होतं की त्या आठवड्यात कुठलीही असाइनमेंट नाहीये. ती त्याला काही बोलली नाही. पुढच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर तिने एक वाडगा मधे ठेवला आणि म्हणाली, प्रत्येकाने चिठ्ठीवर एक आकडा लिहायचा, या ट्रिपला मी जास्तीत जास्त किती खर्च करू शकतो तो, नाव लिहायचं नाही, आणि सगळ्यात छोटा आकडा येईल तेच सगळ्यांचं बजेट. पहिला सगळ्यात छोटा आकडा आला २५ डॉलर. कुणाचा ते कुणी विचारलं नाही. त्या शनिवारी अकोलेकर गाडीत होता.

मला विचाराल तर ग्रॅड स्कूलमध्ये मी जे शिकले त्यात हा वाडगा खूप वर आहे. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी हॉटेल ठरवायचं आणि बाकीच्यांनी स्प्लिटवाइजवर (खर्च वाटून घ्यायचं ॲप) मुकाट्याने भरायचं किंवा घरी बसायचं, याला मी मैत्री म्हणत नाही. छोट्या आकड्यात बसणारी ट्रिप शोधायला डोकं लागतं, आणि ॲरिझोनात ती सापडते. तेव्हा नॅशनल पार्कांचा वर्षाचा पास ८० डॉलरला होता, मागे दोघांच्या सह्या चालायच्या आणि गाडीतले सगळे त्यात जायचे. नाहीतर ग्रँड कॅन्यनला एका गाडीचे ३० पडायचे. तोच पास सेडोनाला डोंगरवाटा सुरू होतात तिथे चालायचा, टूसॉनजवळच्या सग्वारो पार्कात, पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये, सगळीकडे. पेज नावाच्या गावाजवळचं हॉर्सशू बेंड (नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण) तेव्हा फुकट होतं. शेजारचं अँटिलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या जमिनीवर, तिथे गाइडशिवाय जाताच येत नाही आणि पैसे माणशी, म्हणून ते आमच्या वाडग्यात कधी बसलं नाही, आणि खरं सांगते कुणाचं काही अडलं नाही. कोकोनिनोच्या जंगलात परवानगी असलेल्या जागी तंबू ठोकायला पैसे पडत नाहीत. ॲरिझोनात टोल नाही. गाडी मात्र विचार करून घ्यायची, कारण भाड्याच्या गाडीला २५ वर्षांखालचा ड्रायव्हर असला की रोजचे जादा पैसे लावतात, म्हणून आमच्यातला एक जरा मोठा, चार वर्षं नोकरी करून आलेला चेन्नईचा दादा कायम मुख्य ड्रायव्हर. सातजणांची मिनीव्हॅन, ठेपले, त्या दादाचा पुळियोदरै (चिंचेचा भात), कांदा-चिवडा आणि एक मोठा पाण्याचा कॅन. बाहेर फक्त कॉफी.

आणि अगदीच जमत नसेल तर शहर सोडायचीही गरज नाही. टेम्पीत ए माउंटन नावाच्या टेकडीवर पंधरा-वीस मिनिटांत चढून होतं, संध्याकाळी वर बसलं की विमानं एकामागून एक स्काय हार्बर विमानतळावर उतरताना दिसतात. कितीतरी शुक्रवार आम्ही तिथे डबा घेऊन काढले.

अजून एक गोष्ट आवर्जून सांगायची, कारण आपली मराठी मुलं इथे फार चुकतात असं मला वाटतं. गाडीत पाच मराठी आणि दोन इतर असले की हळूहळू सगळं मराठीत सुरू होतं आणि ते दोघं खिडकीबाहेर बघत बसतात. असं करू नका. माझ्या लॅबमध्ये एक इराणी मुलगी होती. २०१७ च्या जानेवारीत सात देशांवर प्रवासबंदीचा आदेश आला, त्यात इराण होतं. ती आधीच काही वर्षं घरी गेली नव्हती, गेली तर परत येता येईल याची खात्री नाही म्हणून, आणि आता आईवडील इकडे येण्याचा रस्ताही बंद. त्यांच्या नवरोजपासून, म्हणजे नववर्षापासून, तेरावा दिवस असतो, सिझ्दह बेदर, त्या दिवशी कुणी घरात थांबत नाही, सगळे बाहेर झाडापाण्याजवळ जाऊन जेवतात. त्या वर्षी तो २ एप्रिलला आला, रविवारी, आणि आपला पाडवा त्याच आठवड्यात मंगळवारी होऊन गेला होता, जो कुणीच केला नव्हता कारण मंगळवारी कुणाला वेळ होता? मग दोन्ही एकत्र. सॉल्ट रिव्हरच्या काठावर गेलो, तिथे जंगली घोडे पाण्यात येतात. आमच्याकडे श्रीखंड, तिच्याकडे भाज्या घातलेला भात आणि एका ताटलीत उगवलेले हिरवे गहू, अगदी आपल्या घटातल्यासारखे. ते वाहत्या पाण्यात सोडायचे असतात. तिने सोडले आणि मग तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, तेहरानमध्ये मध्यरात्र होऊन गेली होती, तरी आई जागी होती. आम्ही सगळ्यांनी त्या माउलीला हात केले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पाडवा तो, आणि नदीपर्यंतचा रस्ता जेमतेम पाऊण तासाचा.

हे सगळं लिहिताना एक काळजी मनात आहे आणि ती दडवून ठेवणार नाही. आपली मुलं गाडीत जातात. दरवर्षी बातम्या येतात, २०२४ च्या एप्रिलमध्ये फीनिक्सच्या उत्तरेला लेक प्लेझंटजवळच्या अपघातात दोन तेलुगू विद्यार्थी गेले, वीस वर्षांच्या आसपासची मुलं. काकांनी ग्रुपवर ओरडायचंच असेल तर यावर ओरडावं. "फिरू नको" म्हणण्यापेक्षा विचारा, गाडी कोण चालवणार, तो काल रात्री किती झोपला, इन्शुरन्स पूर्ण घेतलाय का, चालवणाऱ्या सगळ्यांची नावं करारात आहेत का. पोरं पैसे वाचवायला दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालत नाहीत आणि मग परतीला एकटाच माणूस सगळा रस्ता ओढतो. वाडग्यातून काहीही कापा, हे कापू नका.

रविवारी परत येताना आय-१७ वर दक्षिणेकडे प्रचंड गर्दी असते, सगळं फीनिक्स एकदमच उतरत असतं, सनसेट पॉइंटनंतरचा उतार आणि वळणं दमलेल्या माणसाने रात्री चालवायची नाहीत. आमचा नियम होता की दुपारी दोनला निघायचं, काहीही बघायचं राहिलं तरी, आणि पुढच्या सीटवरच्याने झोपायचं नाही. फ्लॅगस्टाफच्या आसपास अंधार पडला की एल्क रस्त्यावर येतात, घोड्याएवढं जनावर असतं ते. आणि जे या ऑगस्टला जाताय, तुम्ही उतराल तेव्हा तिथे मॉन्सून असेल, म्हणजे धुळीची वादळं. आय-१० वर टूसॉनकडे जाताना समोर धुळीची भिंत दिसली तर शक्यतो हायवे सोडून बाहेर पडा. नाहीच जमलं तर रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन थांबा, सगळे दिवे बंद करा, पार्किंग ब्रेक लावा, ब्रेकवरून पाय काढा आणि बेल्ट लावूनच बसून राहा. दिवे चालू ठेवले तर मागचा तुम्हाला चालती गाडी समजून तुमच्या मागे येतो आणि धडकतो.

टेम्पीला यंदा कुणाची मुलं जात असतील तर खाली लिहा किंवा त्यांनाच मला मेसेज करायला सांगा. तंबू, स्लीपिंग बॅग, मोठा कूलर हे आमच्या ग्रुपमधून पुढच्या बॅचला आणि तिथून त्यापुढच्या बॅचला गेलंय, सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांचा नंबर देते. विकत घेऊ नका.