लिनक्सला नावं ठेवली की लगेच मायक्रोसॉफ्टचा चमचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. लिनक्सला (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) व्हायरस लागत नाही, त्यावर सगळं चालतं, ज्याला जमत नाही तो आळशी, जो नावं ठेवतो तो मायक्रोसॉफ्टचा चमचा, आणि शेवटी विंडोज म्हणजे कचरा. मी घरी लिनक्सच वापरतो भाऊ, तरी हे वाचून डोकं फिरतं.

व्हायरसचं आधी. घरच्या पीसीवर ताप कमी होतो हे खरं, कारण सॉफ्टवेअर कुठल्याही साइटवरून उचलायच्या ऐवजी डिस्ट्रोच्या (म्हणजे लिनक्सच्या उबंटूसारख्या तयार आवृत्तीच्या) अधिकृत साठ्यातून येतं. पण मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्सचं, म्हणजे लिनक्सवरच्या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काय झालं? 'जिया टॅन' नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीने काम करत राहिलं, ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या थकलेल्या मूळ माणसाच्या मागे वेगवेगळ्या नावांनी तगादा लागला की जबाबदारी दुसऱ्याला दे, आणि मग त्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत बॅकडोअर (गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा) घुसलं. पकडलं आंद्रेस फ्रॉइंडने, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवर लांबून शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून हा बाबा खोदत बसला. नोकरी कुठे करत होता? मायक्रोसॉफ्टमध्ये! म्हणा आता त्याला चमचा.

"सगळं चालतं" म्हणणाऱ्याने लग्नसराईत भुसावळच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे तासभर बसून यावं. पत्रिका कोरल ड्रॉमध्ये, मजकूर श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये, वर्षानुवर्षांच्या फाइली त्याच फॉन्टांत, युनिकोडचा (कुठल्याही मशीनवर नीट वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीचा) पत्ताच नाही. ती फाइल लिनक्सवरच्या इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि फॉन्ट नसला तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी दिसते. फॉन्ट टाकला तरी मांडणी हलते, टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, ते वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवायची सोय) चाललं तर नशीब, आणि इकडे नवरदेवाचा मामा दारात उभा, "झाल्या का भो पत्रिका?" शेजारच्या अकाउंटवाल्याची टॅलीही विंडोजवरच. ही माणसं आळशी? सकाळी नऊला शटर उघडून रात्री अकरापर्यंत बसतात.

आणि आळशी म्हणायची ही सवयच लिनक्सचं जास्त नुकसान करते. नवीन पोरगं विचारतं वायफाय पकडत नाही, तर एक म्हणतो गूगल कर, दुसरा म्हणतो उबंटू सोड, आर्च (नवख्याला अवघड अशी आणखी एक डिस्ट्रो) टाक. वायफायच्या चिपचं नाव कोणी विचारत नाही. पोरगं दोन दिवसांत परत विंडोजवर.

आता चमच्यांचं. हा राग हवेतून आलेला नाही, २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या सीईओने, स्टीव्ह बॉल्मरने, लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. पण तीच कंपनी २०१६ पासून लिनक्सला पाठबळ देणाऱ्या लिनक्स फाउंडेशनची सदस्य आहे, आपले भक्त अजून २००१ मध्येच. बरं, लिनक्सला सगळ्यात जास्त बोलणारा कोण? लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स स्वतः! डेबियन या डिस्ट्रोच्या २०१४ च्या डेबकॉन्फ परिषदेत त्याने सरळ सांगितलं की डेस्कटॉपसाठी अ‍ॅप्लिकेशन पॅकेज करणं म्हणजे डोकेदुखी, डायव्हिंगच्या नोंदी ठेवायच्या आपल्याच सॉफ्टवेअरच्या तयार बायनरी (थेट चालणाऱ्या फाइली) आम्ही विंडोज आणि मॅकसाठी बनवतो, लिनक्ससाठी जवळपास नाहीच. वांग्याच्या भरतात मीठ कमी आहे म्हटलं म्हणून कोणी भरताचा वैरी होत नाही ना.

राहिलं "विंडोज म्हणजे कचरा" हे शेपूट, तर ज्याचं पोट कोरल आणि टॅलीवर आहे त्याला हे सांगून उपयोग शून्य. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवीन प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुने पीसी अडकलेत, तिथे लिनक्स खरंच कामाचं आहे. फक्त फॉरमॅट मारायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, वायफाय बघा, प्रिंटरवर एक पान काढून बघा, आणि कोरलवाल्या पीसीला तूर्त हात लावू नका.