पेटी टिकेल, बासरी उतरेल

सर, नमस्कार. तीस वर्षं फिजिक्स शिकवलंत असं तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलंय, म्हणून सरच म्हणतो. अंतराळातल्या संगीतावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. अंतराळात हवा नाही, म्हणजे आवाज नाही, तेव्हा ‘अंतराळातलं संगीत’ हा शब्दच फसवा. दुसरा, अंतराळवीरांनी गिटार वाजवणं ही निव्वळ जाहिरात. तिसरा, विज्ञानाने गाण्याला भरपूर दिलं, गाण्याने विज्ञानाला दमडी दिली नाही.

पहिल्यात तुम्ही मला मुद्देमालासह पकडलंय. ‘केसरबाईंचा आवाज आज ताऱ्यांमध्ये घुमतोय’ असं मी लिहून बसलो होतो. साफ चूक. सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर या मानवरहित यानांवरच्या तबकड्यांमध्ये गायिका केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे खरी, पण १९७७ पासून त्या तबकड्या मुक्याच आहेत. सोबत सुई दिली आहे, मिनिटाला १६⅔ फेरे फिरवा हे आवरणावर चित्रांनी सांगितलंय. हवा मात्र सापडणाऱ्याने आपली आणायची. वाक्य खोडलं. (रात्री साडेबाराला लेख टाकला की असं होतं.)

पण हवेचा तुमचा मुद्दा मला सोडवत नाही. माणूस वर जातो तो हवा बरोबर घेऊन, आणि वाजवतोही त्याच हवेत. १६ डिसेंबर १९६५ ला जेमिनी ६-ए या अमेरिकन यानात वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी चोरून नेलेला माऊथऑर्गन आणि घुंगरं काढून ‘जिंगल बेल्स’ वाजवलं. माऊथऑर्गन केवढा, तर दीड इंचही नाही, चार भोकांचा. त्या यानातली हवा आपल्यासारखी नव्हती. शुद्ध ऑक्सिजन, आणि दाब इथल्या साधारण एक तृतीयांश. आता माऊथऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा धाकटा भाऊ. सूर ठरवते ती पितळी पाती, तिची लांबी नि जाडी. पाती ऑक्सिजनमध्येही जवळपास तेवढ्याच वेगाने थरथरणार. बासरीचं तसं नाही. तिच्यात खुद्द नळीतली हवाच वाजते. कमी दाबाने ध्वनीचा वेग बदलत नाही, हे तुम्ही मुलांना शंभरदा सांगितलं असेल, पण ऑक्सिजन हवेपेक्षा जड, म्हणून त्यात ध्वनी सुमारे पाच टक्के हळू चालतो. पाच टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर! काळी एकची बासरी पांढरी एककडे, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या खालच्या पट्टीकडे, घसरणार, शेजारी पेटी काळी एकलाच ठाम. त्या यानात साथसंगतीची मैफल ठरवली असती तर पहिल्याच आलापात भांडण. शिरा यांनी हा हिशेब केला नसणार, खिशात मावेल ते नेलं असेल. नशीब चांगलं.

पुढे स्पेस शटलमध्ये साधी, जमिनीवरच्या दाबाची हवा आली, आणि फ्लूट सुरात राहिला. पण १९९३ मध्ये अंतराळवीर एलेन ओचोआ यांना तो वाजवताना पाय पट्ट्यांत अडकवावे लागले, कारण फुंकरीच्या एवढ्याशा रेट्यानेही अंग मागे सरकायला लागतं. न्यूटनचा तिसरा नियम इतक्या नाजूकपणे मी तरी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिला नाही.

जाहिरातीबद्दल अर्धं मान्य. अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांचा अंतराळ स्थानकातला २०१३ चा गिटारचा व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि त्यातून अवकाश संस्थांची प्रसिद्धी झालीच. पण चोरून नेलेल्या माऊथऑर्गनला जाहिरात कशी म्हणू?

तिसऱ्या आक्षेपावर मात्र मी अडून बसणार. साधं कातडं ताणून वाजवलं तर मूळ नादावरचे वरचे नाद १.५९ पट, २.१४ पट अशा विचित्र प्रमाणात येतात, म्हणून ‘धब्ब’ होतं, सूर लागत नाही. तबल्या-मृदंगावर मधोमध शाई, म्हणजे काळा गोल लेप, असते. तिच्या वजनाने हेच नाद दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ हिशेबात येतात. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. नोबेल मिळायला अजून दहा वर्षं होती. हे गणित कळण्याच्या कितीतरी आधी शाईचा थर किती जाड, किती घोटायचा, हे तबले बनवणाऱ्यांनी कानाने ठरवलं होतं. माझ्या जुन्या तबल्याची शाई एका कडेला, कोथिंबिरीच्या पानाएवढी, उडाली तेव्हा ‘तिं’ असा बसका यायला लागला की दुरुस्ती करणारे काका लांबूनच म्हणाले, “खपली गेली ना?” मग सांगा, यात देणारा कोण आणि घेणारा कोण?

आता एक अडलेलं, तुमच्याचसाठी. जेमिनीच्या त्याच ऑक्सिजनमध्ये तंबोरा ठेवला तर तार सुरातच राहील, एवढं मला कळतं. पण भोपळ्याच्या आतली हवा बदलली, तर गुंजन किती बदलेल? पोकळीचा नाद खाली उतरेल, असा माझा कयास. पण दाब एक तृतीयांश म्हटल्यावर आवाज किती दुबळा होईल, तिथे माझं गणित संपतं. वेळ काढून लिहा, तुमच्या नावाने लेखात जोडतो.