मुलाला अठरा वर्षे पूर्ण होऊ देऊ नका

स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा बौद्धिक दिव्यांग अपत्याच्या पालकांना आमचा पहिला सल्ला असा की, त्यांनी मुलाच्या वयावर कडक नजर ठेवावी. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्याच्या यादीत स्वमग्नतेला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ती आहे, शिवाय सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्कही आहे, त्यामुळे कुरकुर करण्यास आता जागा उरलेली नाही. मूल सतरा वर्षे अकरा महिन्यांचे असेपर्यंत जे काय पदरात पाडून घ्यायचे ते घ्यावे.

त्यासाठी आधी प्रमाणपत्र लागेल. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात ठरलेल्या वारी वैद्यकीय मंडळ बसते, तेथे पहाटेची एसटी पकडून नंबर लावावा. ज्या मुलाला गर्दी, गोंगाट आणि परक्याचा स्पर्श सोसत नाही, त्याची पारख गर्दीत, गोंगाटात आणि परक्यांच्या हातून व्हावी, ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांच्या दूरदृष्टीला तोड नाही. मापनासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय पट्टी आहे. तीत सत्तरपेक्षा कमी गुण पडले तर मूल स्वमग्न ठरतच नाही. तेव्हा आदल्या रात्री मुलाची तालीम घ्यावी. दोन-तीन वर्षे थेरपीचे पैसे भरून त्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहायला शिकवले असेल, तर तेवढी दहा मिनिटे ते विसरायला सांगावे. नाहीतर नेमका त्याच दिवशी तो डॉक्टरांकडे टक लावून बघतो, हसतोसुद्धा, आणि ‘अहो, हा तर छान बघतोय की!’ असे शब्द कानी पडतात. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली भरले, तर बहुतेक सवलती संपल्या असे समजावे आणि मुलाच्या प्रगतीचे पेढे वाटत घरी परतावे.

एवढी खबरदारी घेऊनही मूल अठरा वर्षांचे झालेच, तर मात्र दोष पालकांचाच. त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईबाप त्याचे पालक उरत नाहीत. ज्या बाईने अठरा वर्षे त्याला न्हाऊमाखू घातले, घास भरवले आणि रात्री-अपरात्री त्याच्यामागे जिन्यावरून धाव घेतली, तिने आता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे स्वतःच्याच मुलाची पालक होण्यासाठी अर्ज करावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ही सोय करून ठेवली आहे आणि, उपरोध क्षणभर बाजूला ठेवून सांगायचे तर, ती खरोखरच गरजेची आहे. फक्त ती असल्याचे पालकांना बहुधा बँकेच्या खिडकीवर, मुलाची सही जुळत नाही तेव्हाच कळते.

विशेष शाळा सुटल्यावर दिवसभर काय करायचे, असा हट्टी प्रश्न काही पालक विचारतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या योजनांची नावे त्यांनी पाठ करावीत : दिवसभराच्या केंद्रासाठी ‘विकास’, पालकांना चार दिवस उसंत मिळावी म्हणून ‘समर्थ’, कायमच्या निवाऱ्यासाठी ‘घरौंदा’. नावे अतिशय प्रसन्न आहेत. केंद्र मात्र कोणीतरी संस्था चालवील तेथेच असते, म्हणून मूल जन्माला घालण्यापूर्वीच तालुका बदलून घेतलेला बरा.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो मार्चअखेर संपवण्याच्या घाईत तुमच्या वाट्याला पिठाची गिरणी आली, तर ती मुकाट्याने घ्यावी. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होताच मुलगा कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरत असेल, तर त्याच्या स्वयंरोजगाराचा शुभारंभ तेथूनच करावा. गिरणीसोबतचा फोटो काढताना त्याचे हात तेवढे कोणीतरी खाली धरून ठेवावेत.

शेजाऱ्यांकडून तुम्हाला काही कमी पडणार नाही. दोन एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, सोसायटीच्या गेटवर निळे दिवे लागतील, दिवाळीत कार्यशाळेतल्या मुलांनी रंगवलेल्या पणत्या ‘किती गोड!’ म्हणत विकत घेतल्या जातील. याच मुलांपैकी एक सहा फुटांचा होऊन लिफ्टमध्ये हात फडफडवू लागला, की सर्वसाधारण सभेत ‘इतरांच्या सुरक्षिततेचा’ विषय निघेल. तेव्हा मुलाला शक्यतो पणतीच्या आकाराचेच ठेवावे.

राहिला प्रश्न ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा. त्याचे उत्तर शोधण्यात वेळ घालवू नये. अनेक आया देवापुढे हात जोडून, मुलाला आपल्या एक दिवस आधी ने, एवढेच मागतात. या योजनेला अर्ज लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि तिची प्रतीक्षा यादीही कोठे लावलेली नसते.